टेकडीवरचं चर्च आणि आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंना एखादी गोष्ट गप्प राहून नुसती बघता आली, असं आजवर झालेलं नाही. पनवेलच्या बाजारात मासे घ्यायला गेले की बोंबील राहतात बाजूला. जाळं फाटलं तर शिवतं कोण, हे ते कोळणीला विचारत बसतात. कळंबोलीच्या सिग्नलला काच खाली करून ट्रकवाल्याला ताडपत्रीखालचा माल विचारतात. एकदा लग्न कुणाचं एवढंच विचारायला एका हॉलमध्ये शिरले, ते जेवून, नवऱ्या मुलाच्या मामाशी गप्पा मारतच बाहेर आले. गेल्या वर्षी त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, गेली. आम्हाला वाटलं, आता हे मिटतील. पण त्यांचे प्रश्न उलट वाढले. तिच्याबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नसत. कुणी विषय काढलाच, तर त्यालाच त्याच्या गुडघेदुखीबद्दल विचारत.

थंडीतल्या एका रविवारी मी त्यांना उरणकडच्या एका टेकडीवर नेलं. टेकडी एवढीशी, माथ्यावर छोटं पांढरं चर्च. चढ खरं तर चहा उकळेपर्यंत संपावा. पण वाटेत करवंदीची जाळी होती, शेळ्या होत्या, शेळ्यांचा मालक होता. ऊन चढल्यावर आम्ही वर पोचलो, तर दाराला कुलूप. साडूंनी किल्लीच्या भोकाला डोळा लावला.

"फादर गेलं खाली. दुपारी येतील," पायरीवर मेणबत्त्या विकायला बसलेली म्हातारी म्हणाली. मग साडूंनी तोंड उघडायच्या आत तिनंच सुरुवात केली. "कुठचे तुमी?"

"पनवेलचे."

"बायको नाय आनली?"

मी पुढे होऊन काही बोलणार होतो, पण साडूच म्हणाले, "ती वारली."

"काय झालेला तिला?"

त्यांनी आजार सांगितला.

"सोभावानं कशी होती?"

साडू तिच्याशेजारी पायरीवर बसले. मी कठड्यापाशी जाऊन खाडीकडे बघत राहिलो, पण ऐकू येत होतं. म्हातारी विचारत होती, ते सांगत होते. भांडण झालं की ती जेवायला वाढायची, पण ताटाकडे बघायची नाही. तिला शीळ फार सुरेख वाजवता यायची. कुणी नसलं की स्वयंपाकघरात वाजवायची, आणि हे बाहेरच्या खोलीत पेपर न उलटता ऐकत बसायचे.

घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती कणीक मळता मळता थांबली. सख्खी धाकटी बहीण. पण ताईला शीळ वाजवता येते, हे तिलाही ठाऊक नव्हतं.