सरोता आणि आकाशपाळणा

आकाशपाळण्यात बसण्याची इच्छा माझ्या पत्नीने एकदाच व्यक्त केली, तीही नातीच्या तोंडून. लहानपणी जत्रेत पत्नीला कोणी बसू दिले नव्हते. सुटीत आलेली नात म्हणाली, "आबा, आजीला माझ्या शेजारी बसायचंय."

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मुलगा, नात आणि आम्ही दोघे पिपरी मेघेहून भाड्याच्या गाडीने तासाभरावरच्या एका मनोरंजन उद्यानात गेलो. तिकिटामागील बारीक अक्षरांतल्या अटी मी आदल्या दिवशीच वाचल्या होत्या. बाहेरचे खाद्यपदार्थ निषिद्ध होते. त्यामुळे पत्नीने केलेल्या दशम्या मी घरीच ठेवायला लावल्या. मी नियम पाळतो. म्हणूनच ते मनमानीने राबवणाऱ्यांना पत्रे लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी मानतो.

फाटकावर यंत्र वाजले. पत्नीच्या कमरेच्या बटव्यातून सरोता निघाला. आमच्याकडे जेवणानंतर घरच्या बाईने सुपारी कातरून हातावर ठेवायची रीत आहे. तिच्या आईने लग्नात दिलेला तो पितळी मुठीचा सरोता घराच्या किल्ल्यांसारखा सदैव तिच्याजवळ असतो. तो सोबत आला आहे, हे तिच्या ध्यानीही नव्हते.

"धारवाली चीज हाय, काकू. त्या ड्रमात टाका," पहारेकरी म्हणाला.

"जातानी वापस भेटन काय?" पत्नीने विचारले.

"नाई. भंगारात जाते ते."

माझा संताप अनावर झाला. फलकावर 'शस्त्र' असे लिहिले आहे. सुपारी कातरण्याचे साधन कोणत्या व्याख्येने शस्त्र ठरते? जप्तीची पावती कोण देणार? सामान ठेवण्याची खोली कशासाठी आहे?

"तिथं धारवाल्या चीजा घेत नाई. मले काऊन बोलता, काका? ऑर्डर वरून हाय."

वरचे साहेब जेवायला गेले होते. आमची गाडी संध्याकाळी न्यायला येणार म्हणून परत गेली होती, त्यामुळे सरोता तिच्यात ठेवण्याचीही सोय नव्हती. मागून कोणीतरी ओरडले, "ओ वकीलसाहेब, तारीख घ्या अन् बाजूले व्हा!" रांग हसली. नात रडू लागली.

मी म्हणालो, "सरोता घेऊन मी बाहेर बसतो. तुम्ही जा."

"तुमी राह्यले त संध्याकाळलोक या पहारेवाल्या पोराची नौकरी खासान," पत्नी म्हणाली. सरोता तिने पदराच्या गाठीत बांधलाही होता. "मी बसतो त्या लिंबाखाली. पोरीले रडवू नका जी, जा."

मी विनवले. मुलानेही विनवले. पण झाडाखाली जाऊन बसलेली ती उठली नाही.

तिच्या जागी नातीच्या शेजारी मी बसलो. पाळणा वर जाताच कुंपणाच्या भिंतीपलीकडचे कडुलिंबाचे झाड दिसले. त्याखाली ती उभी होती आणि हात हलवत होती. नातीने हाका मारल्या. त्या तिथवर पोचणे शक्य नव्हते. आम्ही खाली आलो, पुन्हा वर गेलो; तिचा हात हलतच होता, पण तोंड आमच्या पाळण्याकडे नव्हते.

त्यानंतर मी उद्यानाला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याचे उत्तर आले: अशा वस्तू यापुढे टोकन देऊन ठेवून घेतल्या जातील. मी ते पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले. मात्र हिवाळ्यापासून तिला चक्कर येते. डॉक्टरांनी उंचावर चढण्यास मनाई केली आहे.

"दुसऱ्या कोनाच्या कामी येईन ते टोकन," ती म्हणाली. मग सुपारी कातरता कातरता तिने विचारले, "तुमी कोनत्या पाळण्यात होते जी? मले काई उमजेना. म्या त साऱ्याईलेच हात दाखवला."