लंगडणारा पाहुणा

आखाती देशातल्या आमच्या अल मलाझ वस्तीतल्या घरात मुलीसाठी घेतलेला कीबोर्ड शेवटी माझ्याच गळ्यात पडला. तिच्या परीक्षेच्या पुस्तकात अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच संगीतकाराची छोटीशी रचना होती. ओळखीच्या एका गृहस्थाचं त्यानं सुरांत चित्र काढलं होतं. गृहस्थ डौलात येतात, वाकून नमस्कार करतात, बसतात. मला ती फार आवडली, पण माझा हात तयार झालेला पेटीवर. ओळ संपली की डावा हात सवयीनं भाता मारायला सुटायचा आणि पुढचा सूर उशिरा पडायचा, जणू गृहस्थ लंगडतच आलेत. नवरा सोफ्यावरून ओरडायचा, "आला गं तुझा लंगडा! चहा टाक." मी चिडायचे, आणि चहा टाकायचे.

मग त्याला मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, पण माणसं पुसली गेली. मुलीला तो अधूनमधून ओळखायचा. मला नाहीच. हॉस्पिटलमधली त्याची नोकरी गेली, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला. आता भारतात परतायचं, तेही मला परकी समजणाऱ्या माणसाला घेऊन. मला जीव तोडून एकच हवं होतं, त्यानं एकदा तरी मला ओळखावं. फोटो दाखवले, त्याच्या आवडीची आमटी केली, भांडूनही पाहिलं. तो सभ्यपणे हसायचा. त्या हसण्याचा मला संताप यायचा.

शेवटी ती रचना काढली. या वेळी चुकायचं नाही म्हणून डाव्या हाताला दामटून वळण लावलं. रोज दुपारी बिनचूक वाजवायचे. तो समोरच्या इमारतीचे एसी बघत बसायचा.

"मम्मी, आप पहले ऐसे नहीं बजाती थीं," मुलगी म्हणाली. इथल्या शाळेमुळे तिच्या तोंडी हिंदीच बसलेली. "वो अंकल तो लंगड़ाते थे ना?"

खरंच की! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. पुन्हा सुरुवात केली, हात मोकळा सोडला. ओळ संपली, डावा हात नसलेल्या भात्याकडे गेला आणि सूर मागे पडला.

तो ताठ बसला. "आला! लंगडा आला!"

मी वळले. तो माझ्याकडेच बघत होता, डोळ्यांत तोच जुना मिश्कीलपणा.

"बाई, तेवढं आमच्या हिला सांगता का?" तो म्हणाला. "चहा टाक म्हणावं. पाहुणे आलेत."

मी आत गेले. रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला, आणि चहा टाकला.