कानांच्या तपासणीत बाबा पास

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात मी कंपनीचं सीएसआरचं काम बघते. म्हणजे समाजसेवेची यादी करायची, मंडप घालून घ्यायचा, फोटो काढून घ्यायचे आणि इंग्रजीत अहवाल पाठवायचा. कंपनी परदेशातली. भिवंडीत कुणाचं भलं झालं, हे आधी तिकडे कळतं.

यंदा पॉवरलूम कामगारांना कानाची मशीन वाटायचं ठरलं. कल्पना माझीच. बाबांनी उभा जन्म निजामपुऱ्यात लूमवर काढला आणि कान तिथेच ठेवून घरी आले. मोठ्यांशी त्यांचं फारसं अडत नाही, कारण लूमच्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. अडतं ते माझ्या तीन वर्षांच्या लेकीपाशी. तिचं बोबडं बोलणं ओठांवरून कळत नाही. नातीचा आवाज ऐकायचाय, एवढंच त्यांचं मागणं होतं. मशीन विकत घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "तुजी कंपनी देतंय ना? मंग इकत कशाला?" मी त्यांचं नाव यादीत घातलं. ते माझे वडील आहेत हे मात्र ऑफिसात सांगितलं नाही. उगाच वशिल्याची चर्चा नको.

शिबिराला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. तपासणारी मुलगी घाईत होती. तिने त्यांना स्वतःच्या समोरच बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हाताने खूण करत म्हणाली, "चाचा, आवाज आया तो हाथ ऊपर करना." ती बटण दाबायची आणि बाबांचा हात वर जायचा. ते तिच्या बोटाकडे बघत होते. लूमवरचा माणूस आवाजाची वाट बघत बसत नाही, समोरच्याचे हात बघतो. त्यांनी एकही बटण चुकवलं नाही.

मी दोन पावलांवर उभी होते. "त्यांना पाठमोरं बसवा," एवढंच म्हणायचं होतं. पण शेजारी परदेशी पाहुणे होते, फोटोग्राफर होता, माझ्या हातात पुष्पगुच्छ होते. मी पुष्पगुच्छच सावरत राहिले. लाज वाटली म्हणावं, तर तीही वाटली नाही. आत काही हललंच नाही. फॉर्मवर 'नॉर्मल' लिहिलं गेलेलं मी बघितलं आणि पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेले.

नंतर साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, कुणाची फेरतपासणी करायची असली तर? ते म्हणाले, "झालं ना ते शिबिर. आता झाडं लावायची आहेत." मी झाडांची यादी करायला घेतली.

घरी पोचले तर लेक बाबांच्या मांडीवर बसून काहीतरी सांगत होती, आणि बाबा भलत्याच जागी मान डोलावत होते. मला बघून म्हणाले, "पास झालो ना बाय! येक पन चुकला न्हाय." लूमवर कारागीर ठेवताना हात बघतात, पास झाला की काम देतात. इथेही पास झालेल्याला मशीन मिळणार, असं त्यांनी धरलं होतं.

"कवा देनार?" त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. त्यांना नीट वाचता यावं म्हणून मी ते खोटं सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले.