फ्रेंचच्या तासाची यादी

मायाताई उबाळे कधी फ्रान्सला गेल्या नव्हत्या. हे त्या पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगून टाकायच्या, म्हणजे मागून कुजबूज नको. तरी आमच्या पहिल्या शनिवारी सुयोग सरांनी विचारलंच, की मग ताई, तिथली संस्कृती कशी शिकवणार? ताई म्हणाल्या, "पृथ्वीच्या पोटात कोण उतरलंय? भूगोल शिकवताच ना तुम्ही?"

आम्ही बारा जण होतो. एकाच संस्थेच्या तीन इंग्रजी शाळांमधले प्राथमिकचे शिक्षक. एक शाळा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, एक अंबरनाथला, एक खरवईला. बहुतेकांचं डी.एड. मराठीतून झालेलं, इंग्रजीशी कशीबशी तडजोड केलेली. संस्थेने 'पहिलीपासून फ्रेंच' असं आधी माहितीपत्रकावर छापलं आणि मग शिकवणारं माणूस शोधायला घेतलं. तसं माणूस मिळेना, तेव्हा वर्गशिक्षकांनाच तयार करायचं ठरलं. त्यासाठी मायाताई आल्या. दर शनिवारी दुपारी, अंबरनाथच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात, गुडघे छातीला लागतील अशा बाकांवर बसून आम्ही फ्रेंच शिकायचो आणि ते मुलांना कसं शिकवायचं हेही.

ताईंकडे ही भाषा आली ती त्यांच्या वडिलांमुळे. धोंडिबा उबाळे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होते. परदेशातून येणाऱ्या पिंपांवर तीन-चार भाषांत सूचना असायच्या. इंग्रजी सूचना साहेब वाचून सांगायचे, तेवढ्यावर धोंडिबांचं समाधान व्हायचं नाही. खालच्या ओळींत आणखी काही वेगळं लिहिलं असेल, असं त्यांना वाटायचं. ते लेबल सोलून घरी आणायचे आणि मुलीपुढे ठेवायचे. अकरावीला मायाताईंनी फ्रेंच घेतलं आणि वर्षभराने वडिलांना सांगितलं, की खालीही तेच लिहिलंय, वास घेऊ नका. वडील म्हणाले, बरं झालं, खात्री झाली.

पुढे त्यांनी ऐरोलीच्या एका कंपनीत अकरा वर्षं फोनवर फ्रेंच गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या. त्या भाषेतली माणसं चिडतात कशी, गप्प कधी होतात, माफी मागताना आवाज कुठे खाली जातो, हे सगळं त्यांना तिथे कळलं. आम्हाला शिकवताना त्यांनी मनोऱ्यांची आणि राजवाड्यांची चित्रं आणली नाहीत. तिकडचं पोर दप्तरात काय नेतं, शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईला काय म्हणतं, दुकानात शिरताना आधी नमस्कार केला नाही तर दुकानदाराला कसा राग येतो, यातून त्या सुरुवात करायच्या. ही शेवटची सवय त्यांना स्वतःलाच लागली होती. कॅम्प तीनच्या बाजारात त्या प्रत्येक दुकानात आधी नमस्कार करायच्या आणि सिंधी दुकानदार गल्ला सोडून हात जोडायचे. गालाला गाल लावून भेटायची रीत सांगितली तेव्हा सुयोग सर म्हणाले, "ताई, हे खरवईत केलं तर दुसऱ्या दिवशी सस्पेंड." ताईंनाही हसू आवरलं नाही.

त्यांच्या शिकवण्यात एक गोष्ट मात्र ठरलेली होती. एक जण फळ्यापाशी पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी मुलं व्हायचं. कुठलीही मुलं नव्हेत. प्रत्येकाने आपल्या वर्गातलं एक खरं मूल निवडायचं, जे सगळ्यात कमी बोलतं ते, आणि तासभर तेच होऊन बसायचं. त्याला समजलं नाही तर आपल्यालाही समजायचं नाही. सुरुवातीला आम्हाला हा पोरखेळ वाटला.

खरवईच्या शाळेतली रविना दर शनिवारी किर्ती व्हायची. किर्ती तिच्या तिसरीच्या वर्गातली. खरवईच्या मागे, डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीतली. नव्या इमारतींवर विटा वाहणाऱ्या गोमाची मुलगी. आरटीईच्या राखीव जागेवर तिला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांत ती वर्गात एकदाही बोलली नव्हती. इंग्रजीत बाकीची मुलं नर्सरीपासून पुढे गेलेली आणि मराठीत ती वाडीचं बोलायची म्हणून मुलं हसायची. रविना किर्ती व्हायची म्हणजे दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची आणि खाली बघायची. रविना स्वतः वांगणीकडच्या अशाच एका वाडीतली, तिथली पहिली शिक्षिका. ते बसणं तिला कुणाकडून शिकावं लागलं नव्हतं.

ताई एकदा तिच्या बाकाशी उकिडव्या बसल्या आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "या मुलीला आपण दोन भाषांमध्ये मागे ठेवलंय. ही तिसरी भाषा अशी आहे की तिच्यात वर्गातली सगळी एका पायरीवर उभी आहेत. डॉक्टरचा मुलगाही आणि हीसुद्धा. मला याच्यासाठी ही भाषा पहिलीपासून हवी. बाकी फ्रान्सचं काय, त्यांचं चाललंय."

ऑगस्टमध्ये किर्ती बोलली. रविना कापडी बाहुली घेऊन सगळ्यांना नाव विचारत होती. किर्तीला न विचारताच पुढे सरकणार, एवढ्यात मागून आवाज आला, "झ मापेल किर्ती." माझं नाव किर्ती. वर्गात कुणी हसलं नाही. हसणार कसं, बरोबर की चूक हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रविनाने ते शनिवारी सांगितलं, तर ताईंनी तिला ते तीनदा सांगायला लावलं. ती कुठे बसली होती, बाहुली कुठल्या हातात होती, आवाज केवढा होता. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या फळ्याकडे वळल्या आणि पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिल्या.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत किर्ती फ्रेंचच्या तासाला दारात उभी राहून प्रत्येकाला बाँझूर म्हणत होती, आणि न बोलता आत जाणाऱ्याला परत बाहेर पाठवत होती. हळूहळू ती इंग्रजीच्या तासालाही हात वर करू लागली. घरी कोंबड्यांना फ्रेंचमध्ये हाका मारते, असं तिच्या आईने रविनाला सांगितलं होतं.

सुट्टीनंतर हितेश सरांनी ताईंना बोलावलं. तिन्ही शाळांचा कारभार तेच बघायचे. फ्रेंच आता ऐच्छिक होणार होतं. ज्या पालकांनी वेगळी फी भरून फॉर्म दिला त्यांचीच मुलं तासाला बसतील, बाकीची तेवढा वेळ वाचनालयात. ताईंनी खूप समजावलं. इतकं, की चहा तसाच गार झाला. हितेश सर चिडले नाहीत. ते म्हणाले, "मायाजी, मैं बुरा आदमी नहीं हूँ. पण ज्यांनी भरले, ते उद्या मला विचारतील, आम्हाला वेगळं काय दिलंत?" नाहीतर, ते म्हणाले, एका कंपनीचे व्हिडिओ आहेत, पडद्यावर लावले की झालं. मग शिक्षकांना तयार करायची गरजच उरत नाही.

मार्चमध्ये आम्हा बाराजणांची परीक्षा होती. ताई हो म्हणून आल्या. त्यांना वाटलं, हे एक वर्ष तरी पार पडू दे. बारा शिक्षक एकदा तयार झाले की ही भाषा त्यांच्याकडून कुणी काढून घेणार नाही. आज नाही तर दोन वर्षांनी हेच शिक्षक सगळ्या मुलांना शिकवतील. हे त्यांनी नंतर मला सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

रविनाच्या हातात यादी आली ती सोमवारी. फी न भरलेल्या मुलांची नऊ नावं. तिने मधल्या सुट्टीत ताईंना फोन लावला. मी स्टाफरूममध्ये तिच्या शेजारीच होते.

"ताई, मी नाही वाचणार. तुम्ही नको म्हणा फक्त, मी सांगते हितेश सरांना."

फोन आमच्या दोघींच्या मध्ये होता. रविना कंत्राटी होती. तिची नोकरी गेली असती, तिच्या जागी दुसरी कुणी येऊन तीच यादी वाचली असती, आणि शनिवारचा वर्ग बंद झाला असता. ताईंनी हे सगळं मनात मांडून पाहिलं असणार.

"वाच," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हळू वाच. आणि वाचताना कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस."

आमच्या शाळेत नावांची यादी वाचली जाते ती चित्रकला स्पर्धेसाठी, नाहीतर स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी. ज्यांचं नाव येतं ती निवडली गेलेली मुलं. किर्तीचं नाव तिसरं होतं. नाव ऐकताच ती उठली, पटकन दप्तर भरलं, ओळीत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि मागे वळून मैत्रिणीकडे बघून हसली. शिपाईबाई बनूबाईंनी ओळ वाचनालयात नेली. दार बंद झाल्यावर रविनाने वर्गाला बाँझूर म्हटलं.

आम्ही सगळ्यांनीच आपापल्या वर्गात अशा याद्या वाचल्या. कुणी नोकरी सोडली नाही. शनिवारी मुलं होऊन बसायची वेळ आली तेव्हा कुणालाच कुणी होता येईना, आणि ताईंनीही आग्रह धरला नाही. त्यांनी वह्या काढायला लावल्या आणि क्रियापदं लिहून दिली.

दोन आठवडे झाले तरी किर्ती कुठल्याच तासाला बोलेना. रविनाने ते सांगितलं, तेव्हा ताई म्हणाल्या, रविवारी मला तिच्या घरी ने. मी तिला वेगळं शिकवीन, दर रविवारी येईन, कुणाची परवानगी लागत नाही त्याला. पुढचं रविनाने मला सांगितलं.

वाडीत भाताची झोडणी चालू होती. गोमा कामावर गेलेला. किर्तीची आई, रखमा, खळ्यात पेंढ्या आपटत होती. बाईंना बघून तिने हात धुतले, अंगणात गोणपाट टाकलं, चुलीवर चहा ठेवला. किर्ती ओट्यावर बसली होती. ताई तिच्यापाशी गेल्या आणि आधी बाँझूर म्हणाल्या. मग तिच्याच वयाच्या कुणाला विचारावं तसं नाव विचारलं. किर्ती त्यांच्या चपलांकडे बघत राहिली.

"मना नाय येत," ती म्हणाली.

ताईंनी पुन्हा विचारलं, अगदी हलक्या आवाजात.

"मना नाय येत त्या. कदीच नाय येत व्हता." आणि ती उठून घरामागे गेली.

रखमाला संकोच वाटला. तिने चहा गाळता गाळता, ताईंना नाही, रविनाला विचारलं, "बाय, एक ईचारू? हिचा काय चुकला व्हता त्या दिशी?"

रविनाला काही कळलं नाही.

"वर्गातना भायेर काडली ना हिला. मी ईचारला, काय केलास, तं सांगंना. म्हनाली, मना ठावं नाय. मना वाटला खोटा बोलतं. मंग मी मारला तिला. लय मारला."

रविना म्हणाली, त्या वेळी ताईंनी खळ्याकडे बघितलं, पेंढ्यांकडे, आणि मग सरळ रखमाच्या तोंडाकडे.

"तिचं काही चुकलं नाही. तिने काहीच केलेलं नव्हतं. जे पैसे भरतील त्यांनीच शिकायचं, असं शाळेने ठरवलं. आणि ती यादी वाच, असं या बाईंना मी सांगितलं."

रखमा ऐकत होती. तिला बहुधा पहिलंच वाक्य पुरं झालं होतं. तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली आणि चहाचे थेंब चुलीच्या राखेत पडत राहिले. मग तिने दोन कप भरले. एक रविनाला दिला, एक ताईंपुढे गोणपाटावर ठेवला. साखर कमी पडली असंल, म्हणाली.

ती घरामागे गेली. तिकडून तिचा आवाज आला, हाक मारल्यासारखा, आधी मोठ्याने, मग अगदी खाली. किर्तीचा आवाज आला नाही. ताई कप दोन्ही हातांत धरून बसून होत्या. बऱ्याच वेळाने रविना म्हणाली, ताई, रिक्षा मिळायची नाही नंतर. तेव्हा त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला, कप विसळून ओट्यावर पालथा घातला आणि कुणाला हाक न मारता त्या वाटेला लागल्या.