चुकलेला अहवाल

देवराव राठोड गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरी अरबजवळच्या आमच्या दालमिलमध्ये नव्या तुरीचे नमुने चावून पाहत होते. झोपेतच गेले म्हणे. तोंडातला दाणा थुंकून टाकला. आधी रागच आला, कारण पुढच्या आठवड्यात होळीला ते येणार होते.

गुंतवणूकदार पैसा लावण्याआधी कंपनीची आतून-बाहेरून चौकशी करून घेतात, ते काम देवरावभाऊ पुण्यात राहून करायचे. "ताई, मी स्थळं पाहतो. नवरीच्या जागी कारखाना असते, एवढाच फरक," असं सांगून स्वतःच हसायचे. फाटकाबाहेरच्या टपरीवर तास दोन तास बसून ट्रकवाल्यांशी गप्पा मारल्याशिवाय मालकाला भेटायचे नाहीत. कुणी खरं बोलू लागलं, की त्याच्यासाठी दुसरा चहा मागवायचे. आमची ओळख मात्र भांडणातून झाली. मिल वाढवायला एक गुंतवणूकदार तयार झाला होता आणि माझं सगळं त्याच्यावर अडलं होतं. अचानक त्याचं पत्र आलं, 'पाहणीच्या वेळी कारखाना बंद आढळला, सबब विचार नाही.' मी हबकलेच. मिल एक दिवस बंद नव्हती... होळीचे दिवस सोडले तर. आमचे बहुतेक कामगार बंजारा तांड्यावरचे. तांड्याची होळी गावाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पेटते, मग लेंगी गाण्यांत माणसं दोन-तीन दिवस हाती लागत नाहीत. पाहणी नेमकी तेव्हा झाली होती, आणि टपरीही बंद होती.

दोन आठवड्यांनी एक उंच माणूस दारात उभा राहिला. "तो अहवाल माह्याच हातचा," म्हणाला. मी त्याला बस म्हटलं नाही, जे सुचलं ते सगळं बोलून घेतलं. त्यानं खाली मान घालून ऐकलं. "याडीचा, माह्या मायचा फोन आला, होळीले काहून नाही आला म्हणून. तवा डोक्यात उजेड पडला. मी दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, ताई, अन् मलेच तांड्याची होळी आठवली नाही! अहवाल चुकला, असं लेखी कळवून आलो." त्या कबुलीपायी त्या गुंतवणूकदारानं त्यांना पुढे बरीच वर्षं काम दिलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. आमची मिल मात्र वाढली. दर होळीला ते तांड्यावर जाताना इथे थांबू लागले, आणि मला चार नव्या शिव्या शिकवून गेले.

भाऊंच्या माघारी, गेल्या आठवड्यात नव्या यंत्रांसाठी पाहणी झाली. पुण्याचे एक गृहस्थ दिवसभर सगळं तपासून, समाधानानं बॅग उचलून निघाले. मागच्या गोदामात पावसानं भिजलेली तूर होती. तिकडे ते गेले नव्हते, त्यांनी विचारलंही नव्हतं. गप्प राहणं अगदी सोपं होतं. मी म्हटलं, "थांबा, एक गोदाम राहिलंय."

पाहून आले, बॅग खाली ठेवून बसले. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता बाकीचंही खरं धरतो."

अशा वेळी देवरावभाऊंनी दुसरा चहा मागवला असता. मीच मागवला.