सहा माणसांचा टब

सासूबाईंचे गुडघे गेले होते. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज कमरेइतक्या गरम पाण्यात बसवा, बरं वाटेल. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणायचो. न्हाणीत पाटावर बसल्या की त्यांना उठवायला दोघी लागायच्या, मी आणि थोरल्या जाऊबाई. दुखणं एवढंच होतं. पण ते थोरल्या दिरांच्या कानावर गेलं आणि सगळ्याचा विचका झाला.

थोरले दीर म्हणजे मांडवगणातलं बडं प्रस्थ. हे मत त्यांचं स्वतःचं. सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांनी मनात घेतलं होतं आणि पुण्यातल्या कुणाच्या तरी बंगल्यावर विजेवर पाणी तापवणारा भला मोठा टब पाहिला होता. लगेच जीप काढली. सल्ल्याला मेहुणा घेतला, तोही तसलाच अकलेचा कांदा. मला पुण्यात दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं म्हणून मागच्या सीटवर कोंबलं. गुडघे जिचे, ती घरी भाकरी थापत होती.

दुकानातला माणूस विचारत होता, वापरणार कोण, वय काय, पाय किती उचलतो. त्याला कोण उत्तर देतंय! दीर चपला काढून कोरड्या टबात उतरले, मेहुण्याला शेजारी बसवलं, ऐसपैस मांडी घातली.

"ह्यात मान्सं किती बसत्यात?"

जीप घेतानाही त्यांनी हेच विचारलं होतं.

"सहा."

"मग ह्योच."

कोपऱ्यात एक लहान टब होता, आत जायला दार आणि धरायला दांडा असलेला. पदर सावरत मी तो दाखवला.

"त्यो दवाखान्यातला वाटतोय," दीर म्हणाले आणि मेहुणा फिदीफिदी हसला.

मागच्या अंगणात न्हाणीजवळ चांगली सपाट जागा होती, आडोसाही होता. पण तिथं ठेवला तर शिरूरच्या एसटीतून दिसणार कसा? टब बसला पुढच्या अंगणात, रस्त्याकडं तोंड करून. हार घातला, नारळ फोडला. मग रोज संध्याकाळी लाइट असली की गावचे पुढारी पायजमे वर सारून काठावर बसायचे. पाय पाण्यात, तोंडात तंबाखू, आणि मतांची बेरीज. त्यांचा चहा आत्या भिंत धरत धरत घेऊन यायच्या. मला त्या माणसांची किळस यायची. अजून येते.

एकदा सगळे पुरुष वरवंडला लग्नाला गेले. मी टब घासून काढला, ताजं पाणी भरून तापवलं, चढायला स्टूल लावलं आणि आत्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी पाण्यात हात घातला. चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात रस्त्यानं एसटी गेली, खिडक्यांतली डोकी वळली. आत्यांनी हात काढून पदर पुढं ओढला.

"लुगड्यानिशी बसा आत्या, मी चादर धरते."

"नगं बाई," त्या म्हणाल्या. "अंगणात आंघोळ मेल्यावर घालत्यात. मी अजून जिती हाय."