गाडीतळावरचं बंदर

उजवा पंजा बैलाच्या नाकासमोर धरून ते म्हणायचे, "दमानं, मालक. धक्का मोकळा न्हाई." मालक म्हणजे बैल की गाडीवान, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या साखर कारखान्यात ते खरेदीचे कारकून, मूळचे मिरजगावचे. मी वजनकाट्यावर होतो. सत्तरच्या सुमारास विलायतेहून यंत्राचा एक भाग बोटीनं यायचा होता. तो आणायला त्यांना मुंबईला धाडलं. आठवड्याच्या कामाला महिना लावून ते परतले, ते डोक्यात बंदर भरूनच.

"बोट आली म्हंजे माल आला आसं न्हाई," ते सांगत. धक्का रिकामा होईपर्यंत बोट बाहेर नांगर टाकून थांबते. मग बंदराचा वाटाड्या तिच्यावर चढतो. "कप्तान कितीबी बडा आसू द्या, आत आनायची ती वाटाड्यानंच!"

आम्ही त्यांच्या पैशानं चहा प्यायचो आणि पाठ वळली की हसायचो. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच.

तेव्हा गळीत ऐन भरात होतं. काट्याजवळ उसाच्या गाड्या एकमेकींत घुसत, शिंगं अडकत, काठ्या निघत. एका सकाळी एका बैलाचा डोळा जाता जाता वाचला. दुपारी आमचे हे कारकून कुणाला न विचारता फाटकावर उभे राहिले. गाड्या बाहेरच्या माळावर थांबवल्या, बैल सोडून त्यांना उसाच्या शेंड्यांचं वाढं घालायला लावलं. मग एकेका गाडीपुढं स्वतः चालत तिला काट्यावर आणि तिथून ऊस उतरवायला नेऊ लागले. भांडणं थांबली. गाडीवान हाका मारू लागले, "बंदरवाले, आमची बोट घ्या की आत!"

एक दिवस एका संचालकाच्या पुतण्यानं गाडी मधेच घातली.

"तुमची बोट लई खोल बसलीय," बंदरवाले गंभीरपणे म्हणाले. "भरतीबिगर आत यायची न्हाई."

"भरती कवा?"

"म्होरल्या समद्या गेल्या की."

पुतण्या तणतणत गेला आणि काकांनाच जीपमधून घेऊन आला. बंदरवाल्यांची धाकटी मुलगी लग्नाची होती. नोकरी गेलीच, असं आम्ही धरून चाललो.

"हे काय बंदर मांडलंय?" संचालक गरजले.

"सायेब, मुंबईचं बंदर नैसर्गिक. तिथं जमीनच लाटा अडवती. कलकत्त्याचं नदीत. मद्रासला मातूर समुद्रात भिंत घालावी लागली, तवा बंदर झालं."

"आन् आपलं?"

"मद्रासवानी. आन् ती भिंत म्हंजे तुमी."

संचालकांनी एकदा पुतण्याकडं पाहिलं, एकदा माळावर ताटकळणाऱ्या गाडीवानांकडं. "गाडी मागं घे," ते पुतण्याला म्हणाले. माळावर असा हशा उसळला की बैल बुजले.

पुढं दुष्काळ पडला. ऊसच नव्हता, गाडीतळ ओस पडला. त्याच सुमारास ते निवृत्त झाले आणि धाकटीचं लग्न उरकून नवरा-बायको मुलाकडे मुंबईला निघाले. मी एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. त्यांच्या मंडळी पदर तोंडाशी नेत हळूच म्हणाल्या, "भावजी, आता तरी बोट दिसंल त्यांना. मागं गोदीत जायचा पासच मिळाला न्हाई. महिनाभर फाटकाभाईर हमालांसंगं च्या पीत बसलं हुतं. पर तुमी इचारू नका हं."

मी विचारलं नाही. पुढं ते या बाजूला फिरकलेच नाहीत.

त्या दिवशी ते कडक इस्त्रीची टोपी घालून खिडकीजवळची जागा अडवून बसले होते आणि "आगं, चढ की लौकर!" म्हणून बायकोला हाका मारत होते. ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात निवांत भजी खात होता.